‘वय झालं’ म्हणण्याआधी कुत्र्याचे पाणी मोजा

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात भेटलेल्या एका शेजारणीने मला सांगितले की, त्यांची नऊ वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री आता म्हातारी झाल्यामुळे रात्री घरातच लघवी करते आणि म्हणून त्यांनी रात्री आठनंतर तिचे पाण्याचे भांडे उचलून ठेवायला सुरुवात केली आहे. त्या बाई प्रेमळ आहेत आणि त्या कुत्रीला त्यांनी लेकीसारखे वाढवले आहे. तरीही ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण काही वर्षांपूर्वी आमच्याही घरी नेमके हेच घडले होते आणि तेव्हा भांडे उचलून ठेवणारी मी स्वतः होते. आपल्या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कुत्री आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी ३१ वर्षे मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केले. थायरॉइड, कॉर्टिसॉल, रक्तशर्करा या तपासण्या माझ्या हातून रोज होत असत. कोणाचे कोणते संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, का वाढले किंवा का घटले असेल याचा अंदाज मला अहवालावरून येत असे. असे असूनही घरातल्या चिंगीच्या शरीरात यांपैकीच काही बिघडले असेल, ही शंका मला आठ महिने शिवली नाही. तिचे वय झाले आहे, या एका वाक्याने माझे सारे शिक्षण झाकून टाकले होते.

मुंबईत जिला सरसकट ‘पॉमेरेनियन’ म्हणतात त्या पांढऱ्या झुपकेदार केसांच्या कुत्र्यांपैकी चिंगी एक होती. वजन ९ किलो. दहाव्या वर्षी तिची भूक एकाएकी वाढली. जी कुत्री पूर्वी चपातीकडे ढुंकूनही पाहत नसे, ती ओट्याखाली उभी राहून भाजीच्या देठांसाठीसुद्धा ताटकळू लागली. आम्हाला त्याचा आनंदच झाला, कारण खाणारे जनावर निरोगी असते अशी आपल्या घरांतली पक्की समजूत आहे. पुढे तिचे पोट सुटले, पण पाठीवरचे मांस मात्र झडत गेले. पोटाची कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसू लागल्या. पंख्याखाली निवांत पडलेली असतानाही ती धापा टाकत असे. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले, आणि खाज मात्र मुळीच नव्हती. यांतल्या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होते: धापा मे महिन्याच्या उकाड्याने, केस दमट हवेने, पोट बसून खाण्याने आणि लघवी वयाने. ही सगळी लक्षणे एकाच ठिकाणाहून येत असतील, असा विचार घरात कोणीही केला नाही.

पहिल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा यकृताशी संबंधित असलेले एएलपी हे एन्झाइम फार वाढलेले आढळले आणि चार महिने यकृताचे सिरप सुरू राहिले. कुत्र्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारे संप्रेरक, दीर्घकाळ वाढलेले राहिले की त्यांचे यकृत एएलपीचा एक खास प्रकार तयार करू लागते, जो माणसांत आढळत नाही. हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. एएलपी वाढण्याची इतर कारणेही अनेक असतात, त्यामुळे त्या एका आकड्यावरून कोणीही निदान करू नये. पण कुत्रा भरपूर खातो आहे, भरपूर पितो आहे आणि एएलपी वाढले आहे, असे तिन्ही एकत्र दिसत असेल तर केवळ यकृताच्या औषधावर थांबणे बरोबर नाही, असे मला आज ठामपणे वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांनी चिंगीला हात लावण्याआधीच मला विचारले, “दिवसाला पाणी किती पिते?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी आम्हाला मोजून यायला सांगितले. सकाळी मापाने भांडे भरायचे, दिवसभरात जेवढी भर घालू ती लिहून ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी वजा करायचे आणि असे तीन दिवस करून सरासरी काढायची. घरात एकाहून अधिक कुत्री असतील तर भांडी वेगळी ठेवावी लागतात, आणि स्नानगृहातल्या बादलीचे झाकण लावून घ्यावे लागते. निरोगी कुत्रा दर किलो वजनामागे दिवसाला साधारणपणे ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. उन्हाळ्यात किंवा फक्त कोरडे खाद्य असल्यास ते थोडे वाढते. परंतु दर किलोमागे १०० मिलिलिटरची मर्यादा ओलांडली तर ते साधारणपणे आजाराचे लक्षण मानतात. चिंगीच्या बाबतीत ही मर्यादा ९०० मिलिलिटर होती. ती रोज १,३५० मिलिलिटर पाणी पीत होती.

येथे थोडे थांबून एक गोष्ट मला वाचकांना अगदी हात जोडून सांगायची आहे. जास्त पाणी पिणारा कुत्रा बहुतेक वेळा लघवीतून पाणी आवरता येत नाही म्हणून पीत असतो. पाणी प्यायल्यामुळे लघवी होते हा क्रम आपण उलटा समजतो. अशा कुत्र्याचे पाणी काढून घेतले तरी त्याची लघवी थांबत नाही, त्याचे शरीर मात्र काही तासांत सुकू लागते. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, कॉर्टिसॉलची वाढ, आणि नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतरच्या आठवड्यांत होणारा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग, या सर्वांची सुरुवात तहानेने होऊ शकते. यांपैकी शेवटच्या आजारात तर दिवस काढणेही जिवावर बेतू शकते. फरशी पुसायला लागली तरी चालेल, पण भांडे भरलेले असले पाहिजे.

चिंगीचा आजार कुशिंगचा निघाला. या आजारात मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल तयार करतात. आपोआप होणाऱ्या या आजाराच्या १०० कुत्र्यांपैकी ८० ते ८५ कुत्र्यांमध्ये मूळ दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतील लहानशा गाठीत असतो, आणि उरलेल्यांत ॲड्रिनल ग्रंथीवरच गाठ असते. निदानासाठी प्रथम घरीच पकडलेली सकाळची लघवी मागवली गेली, कारण दवाखान्यात नेल्याच्या धास्तीनेही कुत्र्याचे कॉर्टिसॉल वाढते. लघवीतील कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ यांचे प्रमाण सामान्य आले तर कुशिंगची शक्यता फारच कमी उरते. वाढलेले आले तर मात्र तेवढ्याने काही सिद्ध होत नाही आणि पुढची चाचणी करावी लागते. त्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे अत्यल्प मात्रेचे इंजेक्शन देतात आणि आधी, चार तासांनी व आठ तासांनी असे तीनदा रक्त घेतात. निरोगी कुत्र्याचे कॉर्टिसॉल आठ तासांनंतरही दबलेले राहते. चिंगीचे राहिले नाही. सोनोग्राफीत दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या दिसल्या, म्हणजे दोष त्या दोन्हींना चालना देणाऱ्या पिट्युटरीचा होता.

उपचार ट्रायलोस्टेन या औषधाचा. ते कॉर्टिसॉलची निर्मिती रोखते, पोटात अन्न असताना द्यावे लागते, आणि बहुधा आयुष्यभर चालते. औषध सुरू केल्यावर ठरावीक दिवसांनी रक्त तपासून मात्रा जुळवावी लागते, कारण ती जास्त झाली तर कॉर्टिसॉल धोकादायक पातळीपर्यंत उतरते. औषध चालू असलेला कुत्रा अन्नाला तोंड लावेनासा झाला, त्याला उलट्या झाल्या किंवा तो लटपटू लागला, तर पुढची मात्रा न देता लगेच डॉक्टरांना फोन करावा, ही सूचना आमच्या फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेली होती. चिंगीचे पाणी काही आठवड्यांतच कमी झाले. केस यायला मात्र कित्येक महिने लागले. ती त्यानंतर अडीच वर्षे जगली, आणि ती वर्षे तिने ओट्याखाली ताटकळत नव्हे, तर खिडकीतल्या तिच्या जागेवर बसून काढली. आधीचे आठ महिने मात्र मी तिला परत देऊ शकले नाही.

आता शेजारच्या लॅब्रेडॉरविषयी. मी त्यांना भांडे पुन्हा ठेवायला आणि पाणी मोजायला सांगितले. ३० किलोच्या त्या कुत्रीचे पाणी दिवसाला साडेचार लिटर भरले. तिचे वजन उतरले होते आणि दोन्ही डोळ्यांत पांढुरकी झाक आली होती, तीही अर्थातच वयाच्या नावावर जमा झालेली. डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवली तेव्हा साखर आढळली, आणि रक्ताच्या तपासणीने मधुमेह पक्का झाला. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना निदानानंतर वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो आणि तो कधी कधी काही दिवसांत इतका वाढतो की कुत्रा भिंतींना धडकू लागतो. म्हणून थोड्याच काळात दोन्ही डोळे पांढरे होत असतील तर साखर तपासलीच पाहिजे. त्या कुत्रीची नसबंदी झालेली नव्हती. माजानंतर मादीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन दोन महिने वाढलेले राहते, त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. अशा मादीच्या उपचारात नसबंदीही महत्त्वाची ठरते.

माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या कुत्र्याला देऊन पाहणारी माणसे मला भेटली आहेत. कुत्र्यांना होणारा मधुमेह जवळजवळ नेहमी असा असतो की स्वादुपिंडातून पुरेसे इन्सुलिनच येत नाही. तिथे गोळ्या चालत नाहीत, इन्सुलिनच द्यावे लागते, तेही साधारणपणे दर बारा तासांनी, जेवणासोबत. आपल्या शहरात सकाळी सातची लोकल धरून रात्री नऊला घरी येणाऱ्या जोडप्यांना हे वेळापत्रक पाळणे किती कठीण आहे याची मला जाणीव आहे. आमच्या मजल्यावर तीन घरांनी मिळून पाळ्या वाटून घेतल्या आहेत, आणि ते जमते आहे.

यात एक धोका मला प्रयोगशाळेतल्या सवयीमुळे लगेच दिसला आणि तो मी अधिक तपशिलाने लिहिते. आपल्याकडे औषधाच्या दुकानांत इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांत मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४०च्या सिरिंजचे टोपण लाल, १००च्या सिरिंजचे नारिंगी. १०० तीव्रतेचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने १०च्या खुणेपर्यंत ओढले, तर कुत्र्याच्या शरीरात १० नव्हे, २५ युनिट जातात. उलट चूक झाली तर १०च्या जागी केवळ ४ युनिट जातात आणि घरचे लोक ‘औषध लागू पडत नाही’ असे म्हणत बसतात. शेजारच्या घरी कुपी ४०ची होती आणि दुकानातून आलेली सिरिंज नारिंगी टोपणाची. दुकानदाराने मुद्दाम काही केले नव्हते. कुत्र्यासाठी आहे हे त्याला सांगितलेच नव्हते आणि त्याने विचारलेही नाही. कुपी आणि सिरिंज यांवरचे आकडे जुळवून पाहिल्याशिवाय सुई टोचू नये. इन्सुलिन जास्त होऊन कुत्रा झोकांड्या देऊ लागला, थरथरू लागला किंवा आकडी आली, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि तडक दवाखाना गाठावा. आकडी चालू असताना तोंडात बोट किंवा द्रव घालू नये.

इन्सुलिनविषयी लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा या आजाराचा उगम कळला. आणि १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन प्रथम कुत्र्यांवरच वापरून पाहिले. आज आपल्या घरातील मधुमेही आजी-आजोबा ज्या औषधावर जगतात, त्याचे मोल कुत्र्यांनी चुकवले आहे. त्यांच्या लघवीत एक पट्टी बुडवून पाहण्याचे कष्ट आपण घ्यायला हवेत.

थायरॉइडच्या बाबतीत परिस्थिती थोडी उलट आहे. तिथे निदान राहून जाते, तसेच ते घाईने चिकटवलेही जाते. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडलेला कुत्रा सुस्त होतो, खाणे न वाढता जाड होतो, थंडी सहन करीत नाही, त्याचे केस दोन्ही बाजूंनी सारखे जातात, शेपटी उंदरासारखी उघडी पडते, आणि कातडीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. मध्यम वयाच्या गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, कॉकर स्पॅनियल अशा कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो. दादरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तिच्या कुत्र्याचे रक्त माणसांच्या प्रयोगशाळेत दिले. निरोगी कुत्र्याचे टी-४, म्हणजे थायरॉइडचे मुख्य संप्रेरक, माणसाच्या तुलनेत मुळातच बरेच कमी असते, त्यामुळे माणसांच्या प्रमाण मर्यादेशी ताडले की धडधाकट कुत्राही आजारी ठरतो. त्या अहवालात तसेच झाले. शिवाय माणसांचे टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक, मोजणारे किट कुत्र्यांचे टीएसएच नीट ओळखत नाही. दुसऱ्या कोणत्याही आजारात, किंवा स्टेरॉइड आणि आकडीवरचे फिनोबार्बिटोन चालू असताना, टी-४ तात्पुरते उतरते. ग्रेहाउंड आणि सालुकी यांसारख्या शिकारी कुत्र्यांत ते निरोगी असतानाही कमीच असते. आपल्याकडची कारवानी कुत्रीही त्याच बांध्याची असल्याने डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. लक्षणे, टी-४ आणि कुत्र्यांच्या किटवर मोजलेले टीएसएच यांचा मेळ बसल्यावरच गोळ्या सुरू व्हाव्यात. त्या गोळ्या माणसांच्याच असतात, पण मात्रा वजनाच्या हिशेबाने कितीतरी मोठी असते: दर किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत, दिवसातून दोनदा. म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ६०० मायक्रोग्रॅम लागू शकतात. चिठ्ठीवर हा आकडा पाहून औषध दुकानदार चक्रावतो आणि आपल्या मनाने कमी गोळ्या देतो, असा अनुभव आहे. त्याने डॉक्टरांना फोन करून खात्री करावी.

ॲडिसनचा आजार कुशिंगच्या नेमका उलट आणि तुलनेने विरळा असल्याने थोडक्यात लिहिते. यात ॲड्रिनल ग्रंथी पुरेशी संप्रेरके देत नाहीत. बहुधा तरुण किंवा मध्यम वयाचा कुत्रा अधूनमधून उलट्या, जुलाब, अशक्तपणा यांनी खाली बसतो, सलाइन लावले की दोन दिवसांत उठतो, आणि पुढे गणपती विसर्जनाचे ढोल, दिवाळीचे फटाके किंवा घरचे गावी गेल्यामुळे दुसरीकडे राहणे, असा ताण आला की पुन्हा कोसळतो. रक्तातील सोडियम घटलेले आणि पोटॅशियम वाढलेले, दोहोंचे गुणोत्तर २७च्या खाली, असे दिसले की डॉक्टरांना संशय यायला हवा. हा आजार वेळेत ओळखला तर रोजच्या औषधावर कुत्रा पूर्ण आयुष्य जगतो. न ओळखला तर एखाद्या रात्री जातो, आणि घरच्यांना तो मूत्रपिंडाने गेला असे वाटत राहते.

हीच अवस्था आपण स्वतःच्या हाताने ओढवून घेऊ शकतो, याकडे मला मुंबईकरांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. जून ते सप्टेंबर या शहरातली कुत्री ओली राहतात, खाजवतात, आणि गेल्या पावसाळ्यातली चिठ्ठी दाखवून, किंवा चिठ्ठीविनाच, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मलमे आणली जातात. बाहेरून सतत स्टेरॉइड मिळाले की कुशिंगची सारी लक्षणे उमटतात आणि आतल्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसतात. मग कोणी घाबरून औषध एकदम बंद केले, तर कुत्र्याच्या शरीराकडे स्वतःचे कॉर्टिसॉल उरलेले नसते. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच कमी करायचे असते.

महानगरपालिकेचा श्वान परवाना घेताना रेबीज लसीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे पाळीव कुत्रा वर्षातून एकदा तरी डॉक्टरांसमोर उभा राहतोच. माझी पशुवैद्यकांना विनंती आहे की, त्या पाच मिनिटांत वजन करून ते लसीच्या पुस्तिकेत लिहावे आणि पाणी, भूक व लघवी यांविषयी तीन प्रश्न विचारावेत. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याच आवारातल्या ‘बैलघोडा’ रुग्णालयाची ओळख मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीलाही लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले आहे. म्हणजे तज्ज्ञांची या शहरात वाण नाही. खासगी प्रयोगशाळांनी कुत्र्याचा नमुना स्वीकारलाच, तर अहवालावर माणसांच्या मर्यादा छापू नयेत. आणि आपण आपल्या पुरवणीत एखाद्या पशुवैद्यकाकडून या विकारांवर मराठीत लेखमाला लिहून घेतलीत, तर घराघरांत वयाच्या नावावर खपवली जाणारी कितीतरी दुखणी डॉक्टरांपर्यंत पोहोचतील.

शेजारची लॅब्रेडॉर आता सकाळ-संध्याकाळ १४ युनिटवर आहे. पुढच्या आठवड्यात तिची दिवसभराची साखर पुन्हा मोजायची आहे आणि साखर आटोक्यात आली की नसबंदीची तारीख ठरेल.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
विलेपार्ले (पूर्व), मुंबई